निद्रा केंद्रातले तरतरीत पेशंट

टक्क जागे

त्या सकाळी निद्रा केंद्राच्या बाहेरच्या खोलीत जेवढे पेशंट बसले होते, ते सगळे टक्क जागे होते. एक ड्रम वाजवणारा होता, तो खुर्चीच्या हातावर सराव करत होता. शेजारी टेबल टेनिसची खेळाडू होती, तिचे डोळे खोलीतल्या माशीबरोबर इकडून तिकडे जात होते. कोपऱ्यात कोर्टातली टायपिस्ट बसली होती, ती बसल्या जागी स्वतःच्या मांडीवर काहीतरी टाइप करत होती. जांभई कुणालाही नाही. झोपेच्या दवाखान्यात इतकी जाग बरी दिसत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी दाराच्या फटीतून हे दृश्य पाहिलं आणि सुनेला आत बोलावलं. डॉक्टरीणबाई जन्मात कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. त्यांचा आवाज इतका मऊ, की निम्मे पेशंट तपासणी सुरू व्हायच्या आतच बरे होत. घरच्यांना त्या आवाजाची सवय होती. फक्त तो नेहमीपेक्षा आणखी मऊ झाला की सगळे सावध होत.

"ही माणसं आजारी नाहीत," त्या अतिशय मऊ आवाजात म्हणाल्या. "माझे पेशंट कुठे गेले?"

त्यांचे पेशंट म्हणजे ताटात तोंड घालून झोपणारे, सिग्नलला गाडी थांबली की घोरायला लागणारे, स्वतःच्याच साखरपुड्यात उभ्या उभ्या पेंगलेले. ही मंडळी गेल्या काही आठवड्यांत हळूहळू दिसेनाशी झाली होती. वेळ घ्यायची सोय आता केंद्राच्या वेबसाइटवर होती, तिथल्या कॅलेंडरमध्ये. आणि झोपाळू लोकांची तक्रार अशी, की कॅलेंडर दिसतं, तारखा दिसतात, पण तारखेवर बोट ठेवलं तर काहीच होत नाही. स्वप्नात आपण जीव तोडून पळतो आणि पाय जागचे हलत नाहीत, तसं. फोन करून वेळ घ्यावी, तर फोनवर काउंटरवाली इतकं बोले, की ते बिचारे तिथंच झोपून जात.

सूनबाईनं सासूबाईंच्या हातातून फोन घेतला, पान पुन्हा उघडलं, तारखेवर टिचकी मारली. वेळ मिळाली.

"चालतंय की, आई."

"तुझ्या हातात चालतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, की संध्याकाळी एका कंपनीचा माणूस येणार आहे. पेशंटच्या वेळा ठरवून देणारी बाहेरची कंपनी आहे, वेबसाइटही तेच सांभाळतील. तू आता आराम कर.

त्या घरात 'आराम कर' हे दुसऱ्यांसाठी औषध होतं. सूनबाईला ते हकालपट्टीसारखं ऐकू आलं. लग्न होऊन ती आली तेव्हा इथं सगळं आधीपासून होतं. कपाटं, पडदे, पडद्यांचे रंग, कुणी कुठल्या खुर्चीत बसायचं तेसुद्धा. वेबसाइट तेवढी नव्हती. ती तिनं केली. कॅलेंडर तर तिनं स्वतःच्या हातानं, एकेक चौकट जुळवत केलं होतं. नवरा गादीच्या कंपनीत, सदा फिरतीवर. त्याला फोन केला तर तो म्हणाला, जरा झोप काढ, सुचेल काहीतरी. या घराण्यात सगळ्यावर तोच उपाय होता.

तिनं मामाला फोन लावला.

संशयित आणि वायरी

सूनबाईचा मामा बिघडलेल्या वेबसाइट दुरुस्त करत असे आणि त्या कामात त्याचं मोठं नाव होतं. पण त्याला सगळे डुलकीमामा म्हणत, कारण तो कुठेही, कधीही, वाक्याच्या मध्यावरसुद्धा झोपत असे. गिऱ्हाइकांना वाटे, विचार करतोय. कधीकधी तो खरंच विचार करत असे.

तेव्हा तो त्याच सकाळी, एकाच फेरीत दोन कामं करायला आला. केंद्राचा पेशंट म्हणून आणि तपास करायला म्हणून. त्याची वेळ सूनबाईनंच घेतली. पेशंट म्हणून त्यानं आदल्याच दिवशी स्वतः प्रयत्न केला होता, पण कॅलेंडर उघडून तारीख शोधता शोधता त्याचा डोळा लागला, आणि जाग आल्यावर कितीही बोट दाबलं तरी कॅलेंडर ढिम्म.

दिवसाची तपासणी मोठी विचित्र असते. पेशंटच्या डोक्याला, हनुवटीला, डोळ्यांच्या कडेला वायरी चिकटवतात. मग दिवसभरात थोड्या थोड्या वेळानं त्याला अंधार करून झोपायला सांगतात आणि किती लवकर झोप लागते ते मशीन टिपतं. मधल्या वेळात मात्र झोपायची सक्त मनाई. मामाला मधल्या वेळात जागं ठेवायची जबाबदारी डॉक्टरीणबाईंनी सूनबाईवर टाकली. मामा म्हणाला, सोपं आहे, माणसाला संशयाइतकं कशानं जाग येत नाही. एकेकाला आत पाठव.

वायरी चिकटवल्या जावईबापूंनी. हे नणंदेचे यजमान, केंद्रातली सगळी मशीन बघत. शांत गृहस्थ. हात इतके हलके, की वायर लागली कधी ते कळू नये. मामाला एक गोष्ट जाणवली. जावईबापू खोलीत आले तेव्हा स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आले, तिच्यावर बसले, स्वतःच्या थर्मासमधला चहा स्वतःच्या कपात घेतला आणि जाताना तिन्ही वस्तू घेऊन गेले. सूनबाईनं सांगितलं की ते पहिल्यापासून तसेच आहेत. साबण स्वतःचा, पाणी घरून, आणि मशीनच्या खोलीत दिवाही स्वतःचा. सकाळी आले की बल्ब बसवतात, संध्याकाळी काढून खिशात घालतात. घरात आता कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. लोकांच्या घरी सासरेबुवा कवळी काढून ठेवतात, इथं जावई बल्ब काढून नेतो, इतकंच.

पहिली आली नणंद. ती चित्रं काढायची. वेबसाइटवर मागच्या बाजूनं जे पांढुरके ढग संथ सरकतात, ते तिचे. तिनं लपवाछपवी केली नाही. कॅलेंडर तिला पहिल्यापासून आवडत नव्हतं. एवढं सुंदर आभाळ आणि त्याच्यासमोर चौकटींची जाळी, जसा काही तुरुंगातून आभाळ बघतोय माणूस. तिनं वहिनीला ते काढायला सांगितलंही होतं. "मेलं असेल तर बरंच झालं," ती म्हणाली, "पण मी नाही मारलं. मला ढगांच्या पलीकडे काही येत नाही."

तिच्या बोलण्यात ढग सरकत होते, आणि मामाही त्यांच्याबरोबर सरकायला लागला. सूनबाईनं त्याला चिमटा काढला.

दुसरी काउंटरवाली. कॅलेंडर आलं आणि तिच्या फोनची घंटा बंद पडली. दिवसभर नुसतं बसायचं, बोलायला कुणी नाही. आता तक्रारींचे फोन यायला लागले तशी तिची कळा पालटली. ती मामाला म्हणाली, मी कशाला लपवू, हल्ली मला कामावर यावंसं वाटतं. वेबसाइटचा पासवर्ड तिला माहीत होता का? होता. सगळ्यांनाच होता. पासवर्ड 'झोप' असाच होता.

जावईबापू तिसरे. त्यांचीही एक गोष्ट पानावर होती, अगदी तळाशी सरकणारी एक लाट. झोपलेल्या माणसाच्या मेंदूचा आलेख जसा उठतो-पडतो, तशी. बघता बघता डोळे जड व्हावेत. ती त्यांनी स्वतः लिहिली, स्वतः बसवली, कुणालाही काही विचारलं नाही. कॅलेंडरबद्दल त्यांनी मनापासून चांगलं सांगितलं. पानावर उपयोगाची गोष्ट म्हणाल तर तेवढी एकच, आम्ही बाकीचे सजावट करतो.

पंचाईत अशी, की ढग, लाट आणि काउंटरवालीला मिळालेला पासवर्ड, तिन्ही एकाच आठवड्यातले. आणि पेशंट गायब व्हायला लागले तेही त्याच आठवड्यापासून.

"म्हणजे कुणीही असेल," सूनबाई म्हणाली.

"तुलाही धरून," मामा म्हणाला. तो बाहेरून आणलेल्या टॅबवर केंद्राचं पान उघडून बसला होता. कॅलेंडर समोर होतं. त्याची मान हळूहळू खाली गेली. सूनबाई पाणी आणायला उठली होती, ती परत आली तेव्हा तो चक्क झोपलेला. तिनं त्याला हलवलं. मामानं डोळे न उघडताच बोट पुढं केलं आणि एका तारखेवर ठेवलं.

तारीख निळी झाली. वेळ मिळाली.

मामा पूर्ण जागा झाला. ही गोष्ट त्याच्या बाबतीत फार क्वचित घडत असे.

"छोटी," तो म्हणाला, "या खोलीत ते जिवंत आहे."

तेवढ्यात दिवे गेले. भिंतीतल्या स्पीकरमधून जावईबापूंचा आवाज आला, की आता झोपायची वेळ झाली.

लाट

अंधारात मामाला स्वप्न पडलं. पलंग पाण्यावर होता. वर नणंदेचे ढग चालले होते. दूर किनाऱ्यावर कॅलेंडर उभं होतं, हिरवट पट्ट्यांचा सदरा घालून, आणि हात हलवत होतं. मामानं हाक मारली, पण ते जागचं हललं नाही. कॅलेंडरचा दुसरा हात एका पेटीत होता, आणि पेटीत चाचपताना त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला. पाणी मात्र मुळीच हलत नव्हतं. काचेसारखं सपाट. मामा स्वप्नातसुद्धा पाण्याकडे बघत राहिला. लाट कुठे गेली, असं त्यानं ढगांना विचारलं. ढग म्हणाले, आम्हाला आमच्या पलीकडचं काही माहीत नाही.

दिवे लागले. मामानं आधी टॅब मागितला, मग पाणी.

त्यानं सूनबाईला विचारलं, की या खोलीत आणि बाहेरच्या खोलीत फरक काय. तिनं खांदे उडवले. पडदे तेच, गालिचा तोच. मग तिला आठवलं. या खोलीत बाहेरचं इंटरनेट बंद ठेवलंय. पेशंट झोपायचं सोडून फोनवर नको ते बघत बसतात म्हणून. घरातलं नेटवर्क तेवढं चालतं, आणि वेबसाइट केंद्राच्याच कॉम्प्युटरवर असल्यामुळे ती इथं दिसते.

"ढग दिसतायत का इथं?"

दिसत होते. आपल्या चालीनं चालले होते.

"लाट?"

सूनबाईनं पान खाली सरकवलं. तळाशी लाट नव्हती. नुसती एक सरळ रेघ होती, मेलेल्या माणसाच्या आलेखासारखी.

मग मामानं तिला टॅब घेऊन बाहेरच्या खोलीत पाठवलं आणि एक गोष्ट करायला सांगितली, जी तिनं आजवर कधी केली नव्हती. पान उघडायचं आणि घाई करायची नाही. नुसतं बसून राहायचं. लाट हलायला लागेपर्यंत तारखेला हात लावायचा नाही.

सूनबाई ड्रमवाल्याशेजारी बसली. पान उघडलं. कॅलेंडर आलं. तिची बोटं शिवशिवली, पण तिनं ती मुठीत धरली. ढग आले. बराच वेळ तळाशी रेघच होती. मग रेघ थरथरली, वर उठली आणि लाट वाहायला लागली. आता तिनं तारखेवर बोट ठेवलं.

काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. काही झालं नाही. तिचं स्वतःचं कॅलेंडर तिच्याकडे ओळख नसल्यासारखं बघत होतं. इतके आठवडे सासूबाई हेच सांगत होत्या, आणि दर वेळी तिनं त्यांच्या हातून फोन घेऊन, पान नव्यानं उघडून, झटक्यात तारीख दाबून दाखवली होती.

ती धावतच आत गेली. गालिच्यामुळे पावलं वाजली नाहीत.

दुसरी पेटी

"लाट चालू झाली की कॅलेंडर मरतं," ती म्हणाली. "लाट नसली की जगतं."

मामा मान हलवत होता, त्यामुळे वायरी हलत होत्या. आता तिला बसवून त्यानं सगळं नीट उलगडून सांगितलं.

वेबसाइट चालवायची ही जी तयार सिस्टिम असते, ती एखाद्या घरासारखी. पानावरचा एकेक तुकडा म्हणजे एकेक मॉड्यूल, त्या घरातलं एकेक माणूस. कॅलेंडर एक, ढग एक, लाट एक. प्रत्येकाला काम करायला हत्यारं लागतात. ती कुणी नव्यानं बनवत बसत नाही. कुणीतरी आधी लिहून ठेवलेली, हत्यारांची भरलेली पेटीच घेतात. तिला लायब्ररी म्हणायचं. तशी एक पेटी या घरात आधीपासून आहे, मधल्या टेबलावर. कॅलेंडर आलं, त्यानं स्वतःचा खास पाना त्या पेटीत टाकून ठेवला. तारखेला कुणी हात लावला की ते पेटीत हात घालतं, पाना काढतं, काम करतं.

आता समज, घरात एक माणूस असा आहे की तो घरातली पेटी वापरत नाही. तो बाहेरून स्वतःची पेटी मागवतो. हुबेहूब तशीच, त्याच नावाची. ती लांबून येते म्हणून उशिरा येते. आली की बरोबर मधल्या टेबलावर बसते, जुनी सरकते टेबलाखाली. त्या माणसाचं काम झकास सुरू होतं. आणि कॅलेंडर आपल्या पान्यासाठी पेटीत हात घालतं, तर आत पाना नाही. ते बिचारं ओरडत नाही, भांडत नाही. तसंच उभं राहतं.

"दुसरी पेटी येईपर्यंत ज्याचं बोट पोचलं, त्याला वेळ मिळाली," मामा म्हणाला. "ड्रमवाला पोचला. टायपिस्ट पोचली. जो जांभई देत बसला, तो राहिला. तुझ्या कॅलेंडरनं नेमके आजारी तेवढे गाळून काढले."

नणंदेचा यात हात नव्हता. ढग बाहेरून काही मागवत असते, तर या बंद खोलीत तेही थिजले असते. काउंटरवालीनं कॅलेंडर मुद्दाम बिघडवलं असतं, तर ते इथंही बिघडलेलंच दिसलं असतं. या खोलीत फक्त एकच गोष्ट उपाशी होती. लाट. तिची पेटी बाहेरून येते, आणि इथं बाहेरचं दार बंद.

"आणि या घरात," मामा म्हणाला, "साबणापासून बल्बापर्यंत सगळं बाहेरून आणणारा माणूस..."

सूनबाईला पुढचं ऐकायची गरज नव्हती. तिनं कॅलेंडरची एकेक ओळ तपासली होती, नणंदेचे ढगसुद्धा उघडून बघितले होते. लाट मात्र कधी उघडली नाही. पासवर्ड होता, वेळ होता. पण घरच्या जावयाच्या पिशवीत कुणी हात घालतं का? नुसता विचारही तिच्या मनाला शिवला नव्हता.

 मग भिंतीतला स्पीकर खरखरला.

"मामा," जावईबापूंचा आवाज आला, नेहमीसारखा शांत, "तुमच्या डाव्या डोळ्याजवळची वायर सुटलीये."

या खोलीतलं पेशंटचं घोरणं पलीकडे ऐकू जावं म्हणून छताला माइक लावलेला होता. तो दिवसभर चालू असे.

बल्ब

मशीनच्या खोलीत अंधार होता. जावईबापूंनी बल्ब काढून रुमालात गुंडाळला होता. खुर्चीची घडी घातलेली, थर्मास पिशवीत. मशीनच्या पडद्यांवर मामाच्या मेंदूच्या हिरव्या रेघा तेवढ्या सळसळत होत्या, आणि त्यांच्या उजेडात ते पिशवीची चेन लावत होते. संध्याकाळ व्हायला अवकाश होता.

सूनबाई दारात उभी राहिली. तिच्याकडे आता गुन्हेगाराचं नाव होतं. एवढं नाव सासूबाईंना सांगितलं की कंपनीचा माणूस आल्या पावली परत जाणार होता. आणि एवढं नाव सांगितलं की हा माणूस या घरात पुन्हा पाय ठेवणार नव्हता. नणंदेचं काय होणार, ते ढगांनाच ठाऊक.

त्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली. लग्न झाल्यावर सगळे पहिल्यांदा एकत्र जेवायला बसले होते. डॉक्टरीणबाई मजेत होत्या. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, नोकरी आमची, मुलगी आमची, जागा आमची, जावईबापूंचं स्वतःचं म्हणजे फक्त बूट. सगळे खूप हसले. तेही हसले. दुसऱ्या दिवशी ते खुर्ची घेऊन आले.

"लायब्ररी घरात आहे हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणूनच नाही घेतली."

"भावोजी, ती आईंची नाहीये. ती काय असते हेसुद्धा त्यांना माहीत नाही. ती मी आणली. मीही बाहेरूनच आलेय इथं."

 हे त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं.

"मग तुमचे उपकार होतील."

"माझे कसले? मी तरी कुठे लिहिलीये. कुणीतरी लिहिली आणि जगाला वाटून टाकली. तुम्ही बाहेरून मागवता तीही तीच. त्याला ना तुम्ही माहीत, ना मी." ती थांबली. "आपण दोघंही फुकटे आहोत, भावोजी."

त्या घरात हा शब्द दुसऱ्या कुणी उच्चारला असता, तर जावईबापूंनी आयुष्यभर बूटसुद्धा घातले नसते. पण 'दोघंही' म्हटल्यावर त्याची धार गेली होती.  मग त्यांनी घडीची खुर्ची उघडली, बसले आणि कीबोर्ड ओढला.

काम ओळभराचं होतं. बाहेरचा पत्ता पुसायचा आणि सिस्टिमला नुसतं सांगायचं, की मला ही लायब्ररी लागते. घरात असेल तर सिस्टिम तीच देते, दुसरी आणत नाही. त्यांनी ओळ लिहिली, पान उघडलं. लाट ताबडतोब वाहायला लागली, कुणाची वाट न बघता. सूनबाईनं ती वाहू दिली, सावकाश दहापर्यंत आकडे मोजले आणि कॅलेंडरवर बोट ठेवलं. तारीख निळी झाली.

संध्याकाळी मी तुमचं नाव घेणार नाही, ती म्हणाली. बिघाड होता, काढला, एवढंच सांगेन. 

पलीकडे मामाला शेवटच्या डुलकीसाठी अंधार केला होता. मशीनवरच्या रेघा सांगत होत्या, की पेशंट टक्क जागा आहे. कोडं सुटल्यावर त्याला झोप येत नसे. डॉक्टरीणबाईंनी नंतर त्याच्या अहवालावर 'निरोगी' असा शेरा मारला, आणि मामा तो शेरा वाचता वाचता बाहेरच्या बाकावर झोपून गेला.

कोणी पाठवलं

कंपनीचा माणूस गळ्यात ओळखपत्र घालून आला. सोबत करारनामा होता, तो टेबलावर डॉक्टरीणबाईंच्या समोर ठेवलेला. त्यानं आपल्या सेवेबद्दल बोलायला घेतलं. डॉक्टरीणबाईंनी मऊ आवाजात दोन प्रश्न विचारले आणि तो जांभई दाबत उत्तरं द्यायला लागला.

सूनबाईनं सांगितलं, की दोन मॉड्यूल एकमेकांच्या आड येत होती, एक लायब्ररी दोनदा येत होती. आता येत नाही.

"कुणी केलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सूनबाई म्हणाली, बिघाड होता, काढला.

"कुणी, विचारतेय मी." आवाज इतका मऊ झाला, की दाराशी उभी असलेली नणंद एकदम ताठ झाली. सूनबाईनं गालिच्याकडे बघितलं. ती गप्प राहिली, म्हणजे दोष तिचाच ठरत होता, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"मी," जावईबापू म्हणाले. ते कधी आत आले ते कुणाला कळलं नव्हतं. "घरात असलेली लायब्ररी सोडून मी स्वतःची बाहेरून आणली होती. म्हणून झालं."

"बाहेरून? घरात असताना? तुम्हाला कुणी सांगितलं बाहेरून आणायला?"

"तुम्हीच."

आणि त्यांनी ते बुटांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, त्याच मऊ आवाजात.

डॉक्टरीणबाईंना ते आठवत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं, आणि त्यांना आठवत नाही हेच सगळ्यात वाईट दिसत होतं. मी हसण्यावारी बोलले असेन, त्या म्हणाल्या. जावईबापू म्हणाले, हो, सगळे हसले होते. नणंदेनं मान खाली घातली. तीही हसली होती.

मग डॉक्टरीणबाई काहीतरी म्हणाल्या. ते इतकं हळू होतं, की खोलीतल्या बाकीच्यांना वाटलं त्यांनी नुसता श्वास सोडला. जावईबापूंना मात्र ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली आणि भिंतीशी ठेवलेल्या केंद्राच्या खुर्चीवर बसले. जरा अवघडून, जशी काही ती गरम असावी.

 शांततेत एक बारीक घोरण्याचा आवाज येत होता. कंपनीचा माणूस मान टाकून झोपला होता. ओळखपत्र श्वासाबरोबर वर-खाली होत होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं. प्रथम रागानं, मग नीट निरखून, आणि मग त्यांच्या डोळ्यांत कित्येक आठवड्यांनी काहीतरी चमकलं. वाक्याच्या मध्यावर झोपला, त्या म्हणाल्या. याला तपासायला हवा.

त्यांनी करारनामा बाजूला सारला आणि फोन उचलला. सूनबाईचा हात सवयीनं पुढं आला, पण तिनं तो मागं घेतला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा शोधला. पान उघडलं. ढग आले. लाट आली. त्यांनी ओळखपत्राकडे वाकून माणसाचं नाव वाचलं, पुन्हा वाकून खात्री केली, आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत ते लिहिलं. मग तारखेवर बोट ठेवलं. तारीख निळी झाली.

त्यापुढं एक रिकामी चौकट होती. वेळ घेणाऱ्या प्रत्येकाला ती भरावी लागे. तुम्हाला इथं कोणी पाठवलं?

डॉक्टरीणबाई विचार करत बसल्या. बोट हवेत तसंच राहिलं. मग ते खाली आलं. सूनबाई त्यांच्या खांद्यावरून बघत होती. अक्षरं एकामागून एक उमटत गेली, मधे एक चुकलं, ते पुसलं, पुन्हा लिहिलं.

आमच्या सूनबाईंनी.

कॅलेंडर तेवढा सगळा वेळ थांबून राहिलं होतं.